सुयांची मोजदाद

नर्सिंगच्या प्रवेशाला लागणारे कागद:
मार्कशीट, जातीचा दाखला, चार फोटो,
काविळीच्या लसीचे तीन डोस, तारखांसकट,
आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत,
हेपटायटिस सी, अँटिबॉडी.
फॉर्म कन्नडात, तपासणी इंग्रजीत.
घाबरलो ते मराठीत.

निपाणीच्या स्टँडमागं ती लॅब.
रक्त काढणारा पोरगा खांद्याला मोबाईल चिकटवून
कुणाशी तरी क्रिकेटचं बोलत होता.
पट्टीवर एक रेघ उमटली. म्हणजे पट्टी चांगली आहे.
मग तिच्या शेजारी आणखी एक,
फिकट, पेन्सिलनं ओढून खोडल्यागत.
त्यानं फोन ठेवला.

आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
"रक्तात काय निघालं म्हणं?"
"जुनी खूण निघाली. कधीतरी काहीतरी येऊन गेल्याची."
"गेलंय का हाय अजून?"
ते मला ठाऊक नव्हतं.

तिनं पान कातरलं, जर्दा भरला, दोरा गुंडाळला
आणि माझ्या अंगाला लागलेली एकेक सुई
आठवायला लागली.
"बाराव्या दिवशी सोनारानं कान टोचलं.
दंडावरचा हा वण सरकारी दवाखान्यातला.
पायात खिळा घुसला तवा एक.
चिकनगुन्याच्या साली त्यो कंपाउंडर आलता गल्लीत.
दहा-दहा रुपयं. समद्यास्नी एकच सुई,
स्टोव्हवरच्या पाण्यात बुडवायचा न् पुढच्याला टोचायचा.
तू कडंवर हुतीस माझ्या.
बरं वाटलं हुतं बघ तवा सगळ्यास्नी."
मग बराच वेळ नुसता कात्रीचा आवाज.
"आन् यल्लम्माच्या डोंगरावर गोंदलं ते."
मी मनगट उलटं केलं.
हिरवट पाच ठिपके, तुळस म्हणे.
"लई रडलीस. हात मीच धरलता."
दोरा तुटला. तिनं तो पुन्हा जोडला नाही.

दुसरी तपासणी बेळगावात. तीन हजार चारशे.
आमच्या हिशेबात चौदा हजार विड्या.
नऊ दिवसांनी कागद आला, त्यावर एक ओळ:
विषाणू आढळला नाही.
हुक्केरी डॉक्टरीणबाई मोडक्या मराठीत म्हणाल्या,
"आला होता वाटते. तुझ्या बॉडीनं हाकलून दिलं.
तुला गोत्तूच नाही."
खरंच गोत्तू नव्हतं.
केव्हा झाली असेल ही मारामारी?
मी मैदानात दोरीवरच्या उड्या मारत असताना?
की पाढे म्हणत असताना, एकोणीसच्या पाढ्यापाशी अडून?
माझ्याच आत कुणी रात्रपाळी करत होतं
आणि मी साधी हजेरीसुद्धा घेतली नाही.

कॉलेजच्या क्लार्ककडं दोनच चौकोन.
आहे. नाही.
डॉक्टरीणबाईंनी समासात लिहिलं होतं:
अँटिबॉडी आहे, विषाणू नाही, शिक्षणास योग्य.
"हिंग बरीबारदु," क्लार्क म्हणाला. असं लिहायचं नसतं.
मग चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ दोनदा वाचली,
माझ्याकडं पाहिलं, मग मनगटाकडं,
आणि कुठल्याच चौकोनात खूण न करता
शिक्का मारला.
फॉर्मवर माझं नाव सुलक्षाचं सुलक्षणा झालं होतं.
ते मी तसंच राहू दिलं.

पहिल्या सुट्टीत घरी आले तर
आईनं सूप बाजूला सारलेलं.
"वही काढ," म्हणाली.
"कसली?"
"त्या रांगेत कोण कोण हुतं ते लिही.
तुझं निघून गेलं. सगळ्यांचं जाईल असं न्हाई नव्हं?"

लिहायला बसले.
हुसेनबी. तिची दोन पोरं.
बाळू नदाफ, आता चिकोडीला असतो.
आक्काताई गेली, पोटात पाणी झालं हुतं, दारू कधी शिवली न्हाई.
तिच्यापुढं फुली नको, नुसतं नाव लिही.
कोपऱ्यावरचा शिंपी.
म्हातारा मल्लाप्पा, त्यानं दोनदा टोचून घेतलतं.

"आणि तू?" मी विचारलं.
तिनं जर्द्यानं पिवळी झालेली बोटं
पदराला पुसली,
बाही वर केली.
"मी तुझ्याच पाठनं हुतो की."